डंकन एडवर्ड्‌सचें मोठेपण

आम्ही शाळेच्या दुसऱ्या संघांतील गडी. पहिल्या संघांत चढलेला सोबती पुनः आमच्यांत खेळावयास क्वचितच येतो. म्हणूनच डंकन एडवर्ड्‌स आम्हांस जवळचा वाटतो. इंग्लंडांतील डड्ली गांवीं १९३६ सालीं जन्मलेला हा मुलगा १९५३ सालीं, सोळा वर्षांचा असतांच, मँचेस्टर युनायटेडच्या मुख्य संघांतून फुटबॉल खेळला. २ एप्रिल १९५५ रोजीं त्यानें इंग्लंडतर्फे स्कॉटलंडशीं पहिला सामना खेळला. इंग्लंडनें ७-२ असा जय मिळविला. पुढें थोड्याच आठवड्यांत तो क्लबाच्या कुमारसंघांत परतला आणि चषकाच्या अंतिम सामन्यांत त्या मुलांबरोबर झुंजला! १९५८ सालीं म्यूनिकच्या विमान-अपघातांत जखमी होऊन तो अवघ्या एकवीस वर्षांच्या वयांत निवर्तला. वर चढूनही मागच्या सोबत्यांस न विसरणें, हेंच आम्ही त्याचें खरें मोठेपण समजतों.