तीन कड्या

माझे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते. लोखंडी नळी चुकून आखूड कापली, तर वेल्डिंगने तुकडा जोडून ते मोकळे होत. परवा शिरूरला (जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात) डोंगरी सायकलचा कार्बनचा चिमटा पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा त्यांची फार आठवण झाली. कार्बन म्हणजे राळेत घट्ट बसवलेले धागे. त्याला वेल्डिंग नाही.

कापण्याची कृती तशी साधी. हँडल पेलणाऱ्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाकातोंडावर मास्क चढवायचा आणि इंचाला 32 दातांचे पाते ओले करून सावकाश चालवायचे. काळी धूळ पाण्यात बसते. घाई केली की कडेचे धागे पिंजतात. म्हणून शेवटी नळी फिरवून दुसऱ्या बाजूने कापायचे.

पण कापायचे कोठे? हँडल खाली असले, की न्हावऱ्यावरून दौंड गाठताना वारा कमी झोंबतो. आज पाठ वाकते हो! दहा वर्षांनी हँडल वर घ्यावेसे वाटले, तर नळी कोठून आणू? तासभर मी खुणा करीत होतो, पुशीत होतो. शेवटी सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, “अहो, सायकल मोजताय की वय?”

मी खूण 15 मिलिमीटर वर सरकवली आणि कापले. उरलेल्या जागेत हँडलच्या वर तीन कड्या बसवल्या. पाठ कुरकुरली, की एकेक कडी खाली घालायची आणि हँडल वर घ्यायचे. टोपी घातल्यासारखे ते जरा विजोड दिसते खरे.

दसऱ्याला दौंडला जाऊन आलो. पहिली कडी त्याच रात्री खाली गेली.