माळ्यावरची डार्करूम

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल, याचा नेम नसतो. मोडका पाळणा, जुना स्टोव्ह आणि एखाद्या घरी पत्र्याची एक ट्रंक! आत तीन उथळ ट्रे, चिमटे, लाल बल्ब, तपकिरी बाटल्या आणि काळ्या कागदात गुंडाळलेली पाकिटे. नव्या पिढीला हा संसार कसला, ते उमगत नाही. भंगारवाला मात्र लगेच वजनकाटा काढतो.

एकेकाळी त्या घरात कुणी फोटोचा हौशी होता, त्याची ही खूण. डार्करूमसाठी वेगळी खोली कुठली असणार? रात्री जेवणे उरकली, की न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लागायची. ब्रोमाइड कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून लाल बल्ब. पहिल्या ट्रेमध्ये डेव्हलपर, दुसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल, तिसऱ्यात हायपो. कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे उमटू लागत आणि नेमकी त्याच वेळी बाहेरून हाक येई, ‘‘अहो, दार उघडा, बादली हवी आहे!’’

हायपो चांदीचे क्षार विरघळवतो, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवले. पुढे १८३९ पासून फोटो पक्का करायला तो वापरात आला. आपल्याकडे उटीच्या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ फिल्म आणि कागद येत. तो कारखाना आता बंद पडला आहे.

अशीच एक ट्रंक एका घरी भंगारात निघाली होती. तळाशी निगेटिव्हचा डबा होता. आजींनी त्यातली एक पट्टी सहज खिडकीकडे धरली. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे, ओळखणार कसे? पण वेणी पुढे घेण्याची लकब ओळखीची होती. ‘‘अगं, ही माझी धाकटी नणंद! लग्नाआधीच गेली बिचारी. हिचा एकही फोटो नाही, म्हणून सासूबाई जन्मभर हळहळल्या.’’

ट्रंकेतले सारेच टिकत नाही. उघडलेला डेव्हलपर हवेने काळपटतो आणि निकामी होतो. लेबल नसलेल्या बाटल्या हुंगू नयेत, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कागदाचे पाकीट उजेडात उघडले, की उरलासुरला कागदही वाया जातो. निगेटिव्ह मात्र जपले तर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. माळ्यावरची उष्णता आणि ओल हे त्यांचे शत्रू. व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, तर फिल्म कुजू लागली असे समजावे आणि ती इतरांपासून वेगळी ठेवावी. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह ठेवून दुसऱ्या मोबाईलने टिपले आणि रंग उलटे केले, की चेहरा समोर उभा राहतो.

तो कुणाचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर डबा घेऊन त्यांच्याशेजारी बसावे. पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहायला दोन मिनिटे पुरतात.