वाईचा गणपती घाट

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा धोमच्या खोऱ्यातून उतरून वाईला येते, तेव्हा डोंगरउताराची तिची धावपळ संपलेली असते. पात्र अजून फार रुंदावलेले नसते, पण चाल संथ होते, आणि या संथपणाचा आधार घेऊन वाईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला नदीकाठ काळ्या दगडात बांधून काढला. घाट म्हणजे गावातून थेट पाण्यापर्यंत उतरत जाणारी पायऱ्यांची बांधणी, जिच्यामुळे पावसाळ्यातल्या भरल्या पात्रालाही आणि वैशाखातल्या रोडावलेल्या प्रवाहालाही माणसाला सारख्याच सहजतेने भिडता येते. वाईत असे सात घाट मोजले जातात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड ही त्यांची नावे प्रत्येक वाईकराला पाठ असतात. मात्र गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मनात वाईचे जे चित्र प्रथम उभे राहते, ते बहुधा गणपती घाटाचेच असते.

या घाटाला आजचे रूप आले ते पेशवाईतील रास्ते घराण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या याच घराण्यातील कन्या असल्याने वाईचा पुण्याच्या दरबाराशी नात्याचा संबंध होता, आणि त्या वैभवाच्या काळात रास्त्यांनी कृष्णाकाठी मंदिरे उभी केली. काशीविश्वेश्वराचे मंदिर आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले. त्याच्या प्रांगणातील गुळगुळीत काळ्या पाषाणाचा नंदी पाहताना आजही भाविकाचा हात नकळत त्याच्या पाठीवरून फिरतो. त्याच्याजवळच, अगदी पाण्याच्या कडेला, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये गणपतीचे मंदिर उभारले. एकाच दगडातून घडवलेली येथील मूर्ती इतकी भव्य आहे की लोकांनी तिला ‘ढोल्या गणपती’ म्हणायला सुरुवात केली, आणि भक्तीतला हा मोकळेपणा घरच्या माणसाशी असावा तसाच असल्याने ते नाव कोणाला कधी खटकले नाही.

मंदिराच्या दर्शनी भागापेक्षाही त्याची पाठ अधिक निरखून पाहावी अशी आहे. देवळाची मागची भिंत सरळ किंवा चौकोनी न ठेवता ती मत्स्याकार, म्हणजे माशाच्या अंगासारखी निमुळती होत जाणारी बांधली आहे, त्यामुळे पुराचा लोंढा तिच्यावर आदळून न थांबता दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीच्या इतक्या जवळ देऊळ बांधायचे तर पाणी एक ना एक दिवस गाभाऱ्याच्या वेशीशी येणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी पाण्याला अडवण्याचा हट्ट धरला नाही, त्याला वाट काढून दिली. अडीचशेहून अधिक पावसाळे पचवून उभी असलेली ही भिंत नदीशी कसे वागावे याचा जुना शहाणपणा दगडात जपून आहे, आणि भर पावसात घाटावर जमून पाणी कितव्या पायरीला लागले हे पाहणाऱ्या वाईकराला तो शहाणपणा कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घाटाविषयीच्या आठवणी विचारल्या, तर वाईकर सहसा स्थापत्याकडे वळत नाही. त्याला आठवते ते घाटावरचे जगणे. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोरांना पाण्यात सोडणारे थोरले चुलते, हात सुटल्याक्षणी नाकातोंडात गेलेले पाणी, पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या कठड्यावरून मारलेला मुटका, पायरीवर धुणे आपटल्याचा आवाज, ओले लुगडे दोन टोकांना धरून पिळणाऱ्या सासवा-सुना, तिन्हीसांजेला देवळातली घंटा ऐकून खेळ आवरता घेणारी मुले, अशा साध्या गोष्टींनीच ही आठवण विणलेली असते. जुन्या घाटावरच्या एखाद्या पायरीशी वाकून पाहिले, तर तिची कडा जिथे लोकांची ये-जा अधिक तिथे झिजून गोलसर झालेली आणि बाजूला टाकीचे घाव अजून तसेच राहिलेले दिसतात. म्हणजे त्या दगडावर कारागिराचा हात आणि नंतरच्या असंख्य पावलांची ये-जा या दोहोंची नोंद शेजारीशेजारी वाचता येते.

वैयक्तिक आठवणींना सामुदायिक बैठक मिळते ती कृष्णाबाईच्या उत्सवात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. माघापासून एकेक घाट आपापल्या पाळीने नदीची मूर्तिरूपाने स्थापना करतो, मांडव पडतो, पूजा, कीर्तन, हळदीकुंकू आणि प्रसादाच्या पंगती होतात, आणि एका आळीचा उत्सव आटोपला की दुसरीची लगबग सुरू होते. देवी म्हणून ज्या नदीची ओटी भरली जाते, तिला येथे ‘कृष्णामाई’ किंवा ‘कृष्णाबाई’ असेच म्हटले जाते. लेकीसुना माहेरी यायला याच दिवसांचे निमित्त काढतात. याहून मोठा आवर्तकाळ ‘कन्यागत’ पर्वाचा आहे. बारा वर्षांतून एकदा गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. २०१६ मध्ये असे पर्व झाले, आणि घरातील कोणाचे वय किती हे ‘मागच्या कन्यागताला तो रांगत होता’ अशा हिशेबाने सांगण्याची सोय त्यामुळे होते.

नदीकाठच्या या गावाने विद्येचीही मोठी परंपरा जोपासली. केवलानंद सरस्वतींनी नावारूपाला आणलेल्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्यात न होता वाईत, गंगापुरीत, उभे राहिले. सकाळी नदीवर स्नान, दुपारी ग्रंथांवर काम आणि संध्याकाळी घाटावर चर्चा, असा दिनक्रम ज्या गावात स्वाभाविक होता, तिथे ज्ञान आणि नदी यांचे वेगवेगळे कप्पे कोणी पाडले नाहीत.

आता चित्र पालटले आहे. वरच्या अंगाला धोम धरण झाल्यापासून पात्रातले पाणी विसर्गावर अवलंबून असते, घरोघरी नळ आल्याने घाटावरचे नित्याचे येणे घटले, आणि सांडपाणी, जलपर्णी, देवाला वाहून उतरवलेल्या फुलापानांचे म्हणजे निर्माल्याचे प्लॅस्टिकसकट होणारे विसर्जन यांचा भार प्रवाहाला सोसावा लागतो. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे घाटाची ओळख दूरवर पोहोचली हे खरे, तथापि छायाचित्रात सुंदर दिसणाऱ्या पायऱ्या ज्या पाण्यात उतरतात, ते पाणी ओंजळीत घेववत नसेल तर त्या सौंदर्याला फारसा अर्थ उरत नाही. बालपणीच्या आठवणींनी ज्यांचा ऊर भरून येतो, त्या सर्वांवर म्हणूनच एक जबाबदारी येते: निर्माल्य पात्रात टाकू नये, सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडले जाऊ नये यासाठी आग्रह धरावा, आणि वर्षातून एकदा गावी आल्यावर दर्शनाइतकाच वेळ घाटाच्या सफाईला द्यावा. गणपती घाट जतन झाला असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा आजची आजी आपल्या नातवाला निर्धास्तपणे त्या पाण्यात पोहायला सोडू शकेल.