रिमांडला उभी राहणारी ज्युनिअर

वैजापूरच्या कोर्टात नव्या वकिलाचं खरं शिक्षण रिमांडच्या वेळी होतं. पोलीस आरोपीला हजर करतात, पोलीस कोठडी (पीसीआर) मागितली जाते आणि आरोपीला वकील नसेल तर विधी सेवा समितीच्या पॅनलवरचा वकील उभा राहतो. माझी ज्युनिअर अशा कामाला पहिल्यांदा माझ्यासोबत आली, तेव्हा तिला सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. गोदाकाठच्या गावातून ती एसटीनं यायची. समोर पारधी वस्तीवरचा पोरगा होता. त्यानं जामिनाचं विचारलंच नाही. "मॅडम, माझ्या आईला कळवलंय का?" एवढंच म्हणाला.

अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते, हे डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालातून तिनं कॉलेजात वाचलं होतं. पण अटक फॉर्ममध्ये ती नोंद कुठे बघायची, कोरी असेल तर दंडाधिकाऱ्यांना काय सांगायचं, पोरगा अठराच्या आतला वाटला तर शाळेचा दाखला कसा मागवायचा, हे कोर्टात उभं राहूनच कळतं. तिनं त्याला मारहाण झाली का ते विचारलं, आईचा नंबर लिहून घेतला आणि हे सगळं कोर्टाला सांगितलं. पोरगा तेव्हा कुठे मान वर करून बोलू लागला.

कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिला आहे. तो वकील तयारीचा नसेल तर काय होतं? खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात 2013 साली वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरसुनावणीचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असेल तिथे किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमावा, त्याला तयारीला पुरेसा वेळ द्यावा, असं बजावलं. शेवटी 2024 मध्ये आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली ती गेलीच.

ही दहा वर्षं नव्या पोरांनी काढायची कुठे? शहरांत जागा आहेत. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. 'मजलिस' या संस्थेनं स्त्रियांच्या खटल्यांसाठी महिला वकील घडवल्या. छत्रपती संभाजीनगरला 2017 पासून राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ तर 1981 पासूनचं. पण शहरात खोली घेऊन शिकायचं म्हणजे घरून पैसे हवेत. ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना किमान 15 हजार आणि शहरात 20 हजार रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये सुचवलं. सूचनाच ती, सक्ती नाही. तालुक्याच्या बहुतेक सीनिअरना एवढं मानधन झेपत नाही, हेही खरं. माझ्याकडे आलेला एक अतिशय हुशार मुलगा पैशांअभावी वसुली एजन्सीत गेला. त्याचं जाणं मला आजही लागतं.

म्हणून माझी मागणी आहे: प्रत्येक तालुका कोर्टात रिमांडच्या कामाला सलग दोन वर्षं दोन ज्युनिअर जोडावेत, त्यांच्या प्रत्येक अर्जावर हात फिरवणारा सीनिअर नेमावा आणि दोन्ही ज्युनिअरचं मानधन विधी सेवा प्राधिकरणानं दर महिन्याला थेट खात्यात जमा करावं.