फॉक्सग्लोव्ह: पान तेच, मात्रा वेगळी

फॉक्सग्लोव्हचं बी खसखशीपेक्षाही बारीक. इंग्लंडातले बागवेडे ते मे-जूनच्या सुमारास पेरतात. पेरतात म्हणजे ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवतात. वर माती लोटायची नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून कुंडीच पाण्याच्या ताटलीत ठेवायची. पहिलं वर्ष जमिनीलगत लवदार, सुरकुतल्या पानांचा घेर धरण्यातच जातं. उतावळ्या माणसानं या झाडाच्या नादी लागू नये. दांडा वर येतो तो पुढच्या उन्हाळ्यात, कधी पुरुषभर उंच, एका अंगाला जांभळट घंटा लटकवून.

घंटेत वाकून पाहिलं तर खालच्या ओठावर गर्द ठिपके दिसतात, भोवती पांढरी कड. भुंगा खालून वर एकेक घंटा धुंडाळत चढतो. बी धरलं की झाड बहुधा मरतं.

इंग्लंडातल्या श्रॉपशरमधली एक म्हातारी अंगभर पाणी साठून सुजलेल्या रोग्यांना घरगुती औषध द्यायची. 1775 साली ते बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांच्यापुढे आलं. त्यात वीसेक वनस्पती होत्या. पण विदरिंग वनस्पतींचेही जाणकार, गुण फॉक्सग्लोव्हचा हे त्यांनी चटकन ओळखलं. म्हातारीचं नाव मात्र त्यांनी लिहून ठेवलं नाही.

ओळखणं सोपं होतं, मोजणं अवघड. पानाचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून विदरिंग फुलोऱ्याच्या वेळचीच पानं घेत, वाळवून पूड करत आणि ती तोलून देत. मळमळ, मंदावलेली नाडी, पिवळंहिरवं दिसू लागणं, ही थांबायची खूण. 1785 च्या पुस्तकात त्यांनी फसलेले उपचारही नोंदवले. हा प्रामाणिकपणा शोधाइतकाच मोलाचा.

घरच्या घरी काढा करू पाहणाऱ्यांना हे झाड क्षमा करत नाही. फुलाविना त्याची पानं कॉम्फ्री नावाच्या औषधी वनस्पतीसारखी दिसतात. त्या गफलतीतून केलेल्या चहानं विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

1930 साली रसायनशास्त्रज्ञ सिडनी स्मिथ यांनी याच्याच लोकरी भाईबंदातून डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध वेगळं केलं. ते हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. परिणामी पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ठोका जोरकस होतो. आपल्याकडे मिळणारी त्याची गोळी असते 0.25 मिलिग्रॅमची, आणि तेवढीही लिहून देण्याआधी डॉक्टर मूत्रपिंडाचा आणि पोटॅशियमचा रिपोर्ट मागतात.