मान वर कर, बाई!



तुझा फोन झाल्यापासून हसू आवरत नाहीये. म्हणे, 'लॅपटॉपवर बसून बसून मान धरली गं!' वर्गात कायम खिडकीबाहेर बघणारी तू. पुस्तकापायी तुझी मान दुखणं शक्यच नव्हतं. पण तुला सांगते, आमच्याकडेही सध्या मानेचाच विषय चाललाय.

थोरली लेक यंदा सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला. पलंगावर मांडी, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर मोबाइल आणि त्यात खुपसलेलं डोकं. उजवा खांदा धरून रडकुंडीला आली, तसे घरचे सगळे वैद्य जागे झाले. सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं, करडईचं तेल चोळलं. शेजारच्या काकूंनी 'शीर चढलीय' असं ठरवून टाकलं आणि 'कट्' आवाज काढून मान मोडून देणाऱ्याकडे न्यायला निघाल्या. मी हात जोडले आणि पोरीला घेऊन आळंदमार्गे थेट गुलबर्गा गाठलं.

तिथली फिजिओथेरपिस्ट पोरसवदाच. कन्नडमध्ये सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायची, अगदी आपल्यासारखी! तिनं मान आणि खांद्याच्या मधोमध अंगठा दाबला, तर पोरगी कानशील धरून ओरडली. तिथं 'ट्रॅपेझियस' नावाचा स्नायू असतो. कवटीच्या मागून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला. तो तासन्‌तास ताणलेला राहिला की त्यात गाठ धरते, आणि गाठ दाबली खांद्यात तरी कळ निघते कानशिलात. आता हा ताण किती? डोकं सरळ असताना मानेवर त्याचा भार साधारण पाच किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं, की ६० अंश मान वाकवली तर मानेवरचा भार २७ किलोंच्या घरात जातो. घरी येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, 'अगं बाई, म्हणजे अर्धं पोतं ज्वारी!'

उपचार म्हणशील तर आधी गरम पॅक, मग गाठ अंगठ्यानं दाबून धरणं, मग कान हळूच दुसऱ्या खांद्याकडे झुकवून ताण देणं. विजेच्या बारीक झिणझिण्या देणारं 'टेन्स' मशीनही लावलं. आमच्या बाईसाहेबांना तेच भारी आवडलं! पण त्या फिजिओथेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं, मशीननं दुखणं तात्पुरतं दबतं, ते व्यायाम करता यावा म्हणून. स्नायू बळकट होतो तो व्यायामानंच.

व्यायाम तरी कसले? हनुवटी न झुकवता सरळ मागे घ्यायची, खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढायची, रबरी पट्टा छातीकडे खेचायचा. हनुवटीचा प्रकार आरशात पाहून लेक किंचाळली, 'मम्मी, डबल चिन दिसतेय!' ती एकटी करेना, म्हणून संध्याकाळी आम्ही सगळेच भिंतीला पाठ लावून हनुवट्या मागे घेतो. परवा दूधवाला दारातच थबकला. त्याला वाटलं, घरात भांडण होऊन सगळे रुसून उभे आहेत!

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पट्टा ओढता ओढता लेक म्हणाली, 'नीट परीक्षेचा विचार आला की खांदे आपोआप कानापर्यंत चढतात.' मला काही बोलायला सुचलंच नाही. आपणही सतरंजीवर वाकूनच शिकलो, पण घंटा झाली की पटांगणात उंडारायचो. या पोरांना घंटाच नाही. आता मी दर अर्ध्या तासाला तिला उठवते. काही नाही तर कढीपत्ता आणायला परसात पाठवते. खांदा बराच सैल झालाय, झोपही लागते.

तेव्हा तूही ऐक. लॅपटॉपखाली चार जाडी पुस्तकं ठेव, म्हणजे पडदा डोळ्यांसमोर येईल. तशीही ती तू वाचणार नाहीस. मोबाइल वर धर, दर अर्ध्या तासाला ऊठ. पण हाताला मुंग्या येत असतील, बोटांची पकड सुटत असेल, तर घरचे प्रयोग बंद करून सरळ डॉक्टर गाठ. आणि दुखलं की फक्त मला फोन करून रडू नकोस, व्यायाम कर!

तुझीच,
खजुरीची मैत्रीण