टेकायला जागा

डिस्नेलँडच्या फॅन्टसीलँडमध्ये आज जिथं डम्बोचे हत्ती गोल गोल उडतात, त्या परिसरात पूर्वी एक जहाज उभं होतं. चाच्यांचं जहाज. उंच डोलकाठ्या, गुंडाळलेले दोर, नाळेवर जलपरी आणि भोवती छोटंसं तळं. 1955 साली पार्क उघडलं त्याच वर्षी डबाबंद ट्यूना मासा विकणाऱ्या 'चिकन ऑफ द सी' या कंपनीच्या नावानं ते उभं राहिलं. पोटात स्वयंपाकघर, काउंटरवर ट्यूनाचे सँडविच आणि बर्गर. ते घ्यायचे आणि डेकवर किंवा तळ्याच्या काठाला बसून खायचे. 1960 साली शेजारी कवटीच्या आकाराचा खडक आला, त्यावरून पाणी पडू लागलं, आणि जहाजाला बंदर मिळालं.

आम्ही लॉस एंजेलिसला आलो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. तोवर कंपनीचं प्रायोजकत्व संपलं होतं आणि जहाजाला 'कॅप्टन हुक्स गॅली' असं नवं नाव मिळालं होतं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे जहाजावर आमच्यासाठी फारसं काही नव्हतं. थंड पेय घ्यायचं आणि बसायचं. घरून आणलेला डबा पार्कच्या दाराबाहेर सहलवाल्यांसाठी बाकं होती तिथं खाऊन झालेला असायचा. पोळी, बटाट्याची भाजी, मिरचीचं लोणचं. पोट आधीच भरलेलं असल्यामुळे आत शिरल्यावर आम्हांला खाण्यापेक्षा बसण्याची ओढ जास्त असे. मुलगी कठड्याला नाक लावून पाण्याकडे बघायची. नवरा बूट सैल करायचा. तासभर आम्ही तिघं तिथं असायचो आणि कुणी उठवत नसे.

1982 साली फॅन्टसीलँडचं मोठं नूतनीकरण सुरू झालं. जहाज दुसरीकडे हलवायचा विचार होता, पण इतक्या वर्षांच्या पाण्यानं त्याची लाकडं आतून कुजली होती आणि ते हलवता येण्याजोगं उरलं नव्हतं. ते पाडलं गेलं. 1983च्या मे महिन्यात नवं फॅन्टसीलँड उघडलं. खरोखरच सुंदर होतं, आधीपेक्षा कितीतरी सुबक. मुलगी आनंदानं उड्या मारत होती, आणि मी मात्र पाय दुखायला लागल्यावर सवयीनं जिकडे वळले तिकडे आता रांग होती.

या सगळ्याचा विचार मी गेली काही वर्षं करते आहे. राइड गेली की तिची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात. तिची रेखाटनं जपली जातात, संगीत पुन्हा ऐकायला मिळतं, तिचा एखादा पुतळा नव्या राइडच्या कोपऱ्यात मानानं ठेवला जातो. रेस्टॉरंट गेलं की तिथलं मेन्यूकार्ड कुणाच्या तरी माळ्यावर पिवळं पडतं, बाकी काही नाही. आणि तरीही माझ्या पिढीच्या कुणालाही विचारा, त्या पार्कमधलं काय आठवतं? राइड दोन-चार मिनिटांची. त्यात आपण सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेलो असतो. एकमेकांचे चेहरे दिसतात ते टेबलाशी. सहलीत काय काय बोललो, कोण रुसलं, कोण कशाला घाबरलं, हे जे घरी घेऊन येतो ते सारं टेबलाशी घडलेलं असतं.

तेव्हा बसणं सोपं का होतं, त्यालाही कारण आहे. 1982पर्यंत डिस्नेलँडमध्ये तिकिटांची पुस्तिका मिळायची. ए, बी, सी, डी, ई अशा अक्षरांची कुपनं. ई सगळ्यांत भारी राइडसाठी. कुपनं मोजकी असल्यामुळे राइडही मोजक्याच. ई कुपन कुठं खर्च करायचं याची घरात आधल्या रात्री चर्चा व्हायची. कुपनं संपली की दिवस संपत नसे, तो रिकामा व्हायचा. मग माणसं बसायची, बँड ऐकायची, आइस्क्रीम खायची. पुढे एका तिकिटात वाटेल तितक्या राइड सुरू झाल्या. सोय झाली हे खरं, पण त्या दिवसापासून बसलेलं प्रत्येक मिनिट वाया गेल्यासारखं वाटू लागलं. इतके पैसे भरलेत, तर उठा, चला, पुढची रांग धरा. माझ्या मते त्या जुन्या रेस्टॉरंटांना बुलडोझरनं जितकं मारलं, तितकंच या घाईनं मारलं.

ती रेस्टॉरंटं काही निव्वळ प्रेमापोटी उभी राहिली नव्हती. वॉल्ट डिस्नेंना 1955 साली पैशांची फार ओढाताण होती. पार्कला खर्च आला तो 1 कोटी 70 लाख डॉलरच्या घरात. म्हणून जागा कंपन्यांना दिल्या गेल्या. मांस विकणाऱ्या स्विफ्टचं चिकनचं उपाहारगृह, मॅक्सवेल हाउसची कॉफी, वेल्चचा द्राक्षरस, कार्नेशनचं आइस्क्रीम, फ्रिटोची मेक्सिकन खाण्याची जागा. प्रत्येक टेबल म्हणजे एक जाहिरात होती. हे कळल्यावर त्या आठवणी फिक्या पडतील असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. बापानं कर्ज काढून बांधलं म्हणून घर परकं होत नाही.

फ्रिटोच्या 'कासा दे फ्रिटोस'ची गोष्ट तर मला फार आवडते. तिथं टॉर्टिया पुरवणाऱ्या स्थानिक कंपनीच्या माणसानं सुचवलं म्हणे, की शिळ्या टॉर्टिया टाकून देता कशाला, तुकडे करून तळा. तळल्या, मसाला लावला, लोकांनी उचलून धरल्या. फ्रिटोच्या आर्च वेस्ट या अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि 1966 साली तोच पदार्थ देशभर विकायला आला. तेच डोरिटोस. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा चिवडा करणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. आज जगभरच्या दुकानांत ती पुडी लटकते आणि जिथं ती जन्मली त्या रेस्टॉरंटचं नाव पुसलं गेलं आहे. 1982 साली ते 'कासा मेक्सिकाना' झालं, 2001 साली आणखी काही.

सगळं हळहळण्यासारखं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. नदीकाठच्या 'रिव्हर बेल टेरेस'मध्ये आम्ही मिकीच्या तोंडाचे पॅनकेक खायचो. समोरून चाकाची मोठी बोट जायची, सकाळचं ऊन पाण्यावर असायचं. तीच जागा 1955पासून 1970पर्यंत 'आँट जेमायमा'च्या नावानं चालत होती, हे मला पुष्कळ पुढे वाचनातून कळलं. आँट जेमायमा म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावरची कृष्णवर्णीय बाई. डोक्याला रुमाल, तोंडभर हसू, सदैव दुसऱ्यासाठी रांधणारी. गुलामगिरीच्या काळाला गोड मुलामा देणारं ते चित्र. डिस्नेलँडमध्ये आयलीन लुईस ही बाई त्या वेषात पाहुण्यांचं स्वागत करी, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेई. 1964 साली तिच्या मृत्यूपर्यंत ती हे काम करत होती. पिठाच्या कंपनीनं ते नाव आणि चित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं ते थेट 2020 साली.

कोण बसणार आणि कोण वाढणार, कुणाची पंगत आधी, कुणाची अंगणात, हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. म्हणून ते वाचल्यापासून त्या सकाळच्या उन्हात मला ती बाईही दिसते. मी बसत होते तेव्हा ती तिथं नव्हती, तरी दिसते. तिथं येणाऱ्या कितीतरी मुलांनी तिचा हात धरला असेल, त्यांच्या आठवणीत ती प्रेमळच असेल आणि ते प्रेम खोटंही नसेल. पण ती जागा त्या नावानं पुन्हा उघडावी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी कधीच उभी राहणार नाही. काही पाट्या उतरल्या हे बरंच झालं. टेबलं राहिली, नदी राहिली, पॅनकेक राहिले.

मला मनापासून परत हवं आहे ते 'ताहिशियन टेरेस'. अ‍ॅडव्हेंचरलँडमधलं, 1962 सालचं, किक्कोमन या जपानी सोया सॉसवाल्यांच्या नावाचं. उघड्या आकाशाखाली टेबलं, मोठ्या कृत्रिम झाडाची छाया आणि समोर रंगमंच. रंगमंचापुढे धबधबा पडद्यासारखा कोसळायचा. तो बाजूला व्हायचा आणि मागून नर्तक यायचे. शेवटी आगीचा नाच.

माझी आई पहिल्यांदा अमेरिकेला आली तेव्हा तिला तिथं नेलं होतं. दिवसभर ती आमच्याबरोबर नेटानं चालली. नऊवारी नेसलेली, पायात मुलीनं आग्रहानं घातलेले पांढरे बूट. कुठल्याच राइडमध्ये बसायला तयार नव्हती. "तुम्ही या जाऊन, मी इथं पर्स सांभाळते," एवढंच. संध्याकाळी टेरेसवर तिला भात आणि फळं मिळाली. चार घास तिनं खाल्ले, मग खुर्चीत मागे टेकली आणि पदर सारखा केला. मशाली फिरायला लागल्या तशी ती पुढे वाकली. नाच संपल्यावर म्हणाली, "गावच्या जत्रेत पट्टा फिरवायचे, तसंच आहे गं." मग थोड्या वेळानं, "आणि हे लोक बसू देतात, ते फार चांगलं आहे."

पुण्याला परत गेल्यावर तिनं सगळ्यांना डिस्नेलँडचं वर्णन केलं. त्यात किल्ला नव्हता, मिकी नव्हता. पाण्याचा पडदा होता, आगीचा नाच होता, आणि तिच्या खुर्चीपाशी येऊन "आणखी भात हवा का" असं हातानं खुणेनं विचारणारी एक मुलगी होती. ताहिती बेटांशी आमचं काय नातं? ते बेटही खरं नव्हतं, झाडही खरं नव्हतं. पार्कमधल्या मेन स्ट्रीटवरचं जुनं गाव तर वॉल्ट डिस्नेंच्या बालपणीच्या मिसुरीतल्या मार्सलीनचं, आमच्या ओळखीचंही नाही. दुसऱ्यांच्या गावांची ओढ लावणारी जागा ती. पण आई तिथं टेकली, जेवली, आणि तेवढ्यानं ते ठिकाण आमचं झालं. 1993 साली ते बंद करून तिथं 'अल्लादिन्स ओएसिस' आणलं गेलं. आई तेव्हा हयात होती. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग त्या मुलीचं काम गेलं का?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

टेरेसच्या जवळच 'एन्चँटेड टिकी रूम' आहे. यांत्रिक पक्षी गातात, फुलं गातात. ती 1963 साली उघडली तेव्हा खेळ म्हणून उघडली, पण मूळ बेत रेस्टॉरंटचा होता. पक्षी गाऊ लागले तर लोक जेवण संपल्यावरही उठणार नाहीत, टेबलं मोकळी होणार नाहीत, हे लक्षात आल्यावर ताटं काढून टाकली आणि नुसती गाणी ठेवली. त्या वास्तूत गेले की मला न मांडलेली टेबलं दिसतात.

आणि 'कार्नेशन प्लाझा गार्डन्स'. 1956 सालचा पट्ट्यापट्ट्यांचा मांडव, खायचे काउंटर, टेबलं, नाचायला फरशी. शनिवारी रात्री बिग बँड वाजायचा आणि माणसं स्विंग नाचायची. काही जोडपी तरुणपणापासून येत होती. 2012च्या एप्रिलअखेर ते बंद झालं. नाचणारे हळहळले, पण घरी बसले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी राजकन्यांच्या गोष्टींचा रंगमंच आला, तर त्यांना तिथं शनिवारची रात्र पुन्हा मिळाली. खाण्याचे काउंटर गेले, नाच टिकला. मागणारे होते म्हणून टिकला.

आता फोनवरून जेवण मागवता येतं. 2018पासून ही सोय आहे आणि रांगेत पाय मोडून घेण्यापेक्षा ती बरीच. पण खिडकीतून पाकीट घ्यायचं आणि चालत चालत खायचं, असं चित्र मी जास्त बघते. 2016च्या जानेवारीत 'बिग थंडर रँच'चं बार्बेक्यू बंद झालं, पुढे त्या बाजूला स्टार वॉर्सची नवी दुनिया उभी राहिली. तिथल्या निळ्या दुधाची नातवंडांना अपूर्वाई आहे. त्यांच्यासाठी तिथंही एखादी खुर्ची आपलीशी होवो.

भारतातून आई-वडील येतात, मुलं त्यांना हौसेनं डिस्नेलँड दाखवायला नेतात, आणि दुपारी तीनला ते सत्तरीचे दोघं कचऱ्याच्या डब्याशेजारच्या कट्ट्यावर पिशव्या सांभाळत बसलेले दिसतात. त्यांच्या मुलांना मी हल्ली थांबवून सांगते. किल्ल्यासमोरच्या 'प्लाझा इन'मध्ये न्या. ते 1955पासून उभं आहे, पूर्वी त्याचं नाव 'रेड वॅगन इन' होतं. आतलं काही रंगीत काचकाम लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या वाड्यातून आणलेलं आहे. आरक्षण नको, काउंटरवरून ताट घ्या आणि बाहेरच्या ओसरीत बसा. शाकाहारी काय आहे ते आधी विचारून घ्या. पैसे जास्त असतील तर 'ब्लू बायू'त न्या, तिथं 1967पासून कायमची रात्र आहे आणि चाच्यांच्या होड्या टेबलाजवळून जातात. त्याचं आरक्षण मात्र काही दिवस आधी करावं लागतं. फोन पिशवीत टाका. एक राइड कमी करा. त्यांना विचारा, जत्रेत काय खायचात तुम्ही? आणि ते सांगत असताना उठू नका.